पंपाचा स्टोव्ह विमानाने नेताना: वर्षभराच्या वापरानंतर

मल्टिफ्युएल, म्हणजे गॅस, पेट्रोल, रॉकेल अशा कोणत्याही इंधनावर चालणाऱ्या स्टोव्हबद्दल कुठेही वाचा, एक लिटर पाणी किती मिनिटांत उकळलं हे आधी सांगतात. माझ्या स्टोव्हवर चारेक मिनिटांत उकळतं आणि या माहितीचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. पुण्याहून विमानाने लेह किंवा काठमांडू गाठून पुढे तंबू टाकणाऱ्याच्या अडचणी वेगळ्याच असतात. ही वस्तू बॅगेतून जाऊ देतील का, उतरल्यावर हिच्यात घालायला काय मिळेल आणि परत निघताना हिचा वास कसा घालवायचा? स्टोव्ह कसा जळतो हे त्यानंतर.

स्टोव्हची तोंडओळख थोडक्यात. बर्नर, त्याला जोडलेली लवचीक नळी, पंप आणि ॲल्युमिनियमची बाटली. पंपासकट वजन अर्ध्या किलोच्या आत, बाटली वेगळी. सोबत तीन निपल येतात, कंपनी त्यांना जेट म्हणते: गॅससाठी ०.४५ मिलिमीटर भोकाचं, पेट्रोलसाठी ०.३७ आणि रॉकेलसाठी ०.२८. इंधन जितकं जड, तितकं भोक बारीक. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीचे सगळे स्टोव्ह एकाच घडणीचे. बाटलीत हवा भरायची, दाबाने इंधन वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. १८९२ मध्ये स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने प्रायमस काढला तेव्हापासून तत्त्व हेच आहे. ज्यांच्या घरी पितळी स्टोव्ह होता त्यांना पिन मारणं, वायसरला तेल देणं, हवा सोडून स्टोव्ह विझवणं यातलं काहीच नवीन वाटणार नाही. माझ्या आईने हा नवा स्टोव्ह हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलं, ‘याला पाय एवढे बारके का?’

आता विमानाचं. गॅसचा डबा, मग तो भरलेला असो वा अर्धा, हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही, नियम जगभर सारखा आहे. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट, हेक्झामिनच्या (घन इंधनाच्या) वड्या, सगळं बंद. ‘मग कापूर नेतो’ म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. कापूरही ज्वालाग्राही घन पदार्थांच्या यादीत आहे. काडेपेटी आणि लायटर आपल्याकडच्या सुरक्षा तपासणीत काढून घेतात, तेव्हा तेही उतरल्यावरच घ्यायचे.

राहिला स्टोव्ह. आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, प्रवासी सामानाच्या तक्त्यात द्रव इंधन भरून वापरलेल्या कॅम्पिंग स्टोव्हसाठी वेगळी ओळ आहे. असा स्टोव्ह आणि त्याची बाटली फक्त चेक-इनमध्ये नेता येते, तीही विमान कंपनीची परवानगी असेल तर. त्याआधी इंधन पूर्ण ओतून किमान एक तास निथळू द्यायचं आणि मग उरलेलं उडून जावं म्हणून बाटली किमान सहा तास उघडी ठेवायची. दुसरा मार्ग म्हणजे बाटलीत खाद्यतेल घालून खळबळून ओतून टाकायचं, म्हणजे उरलेल्या थेंबांचा पेट घेण्याचा धोका कमी होतो. त्यानंतर झाकण घट्ट लावायचं, शोषून घेणाऱ्या कागदात गुंडाळायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड रबराने बांधायचं. नियम वाचायला सोपा आहे. सगळं घोडं अडतं ते ‘परवानगी’ या शब्दापाशी.

मी ती ईमेलने आधी मागतो, उत्तराची छापील प्रत बॅगेत वर ठेवतो आणि नेहमीपेक्षा तासभर लवकर जातो. तरीही एकदा काउंटरवरच्या मुलीने सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरने आणखी कुणाला फोन लावला आणि शेवटी तिघांनी आळीपाळीने बाटलीचा वास घेतला. ‘सर, यात पेट्रोल होतं का?’ होतं. धुतली आहे, वाळवली आहे, हे तुमच्या कंपनीचं पत्र. बाटली गेली, पण मागच्या रांगेतल्या लोकांनी मला ज्या नजरेने पाहिलं ती विसरण्यासारखी नव्हती. परवानगी आहे म्हणजे बॅग जाईलच अशी खात्री धरू नका, कारण शेवटचा शब्द तपासणीवाल्यांचा असतो. नव्या, कधीच न पेटवलेल्या स्टोव्हला हा त्रास जवळजवळ नाही.

म्हणून आता लेहला जाताना पंप आणि बाटली घरीच ठेवतो. माझ्या स्टोव्हची नळी गॅसच्या डब्यालाही बसते. तेवढा बर्नर कोरा ठेवला, त्याला कधी रॉकेल-पेट्रोल लावलं नाही, तर कागदपत्रांचा हा सगळा प्रपंच टळतो. कोणतंही इंधन चालतं म्हणून दुप्पट पैसे मोजून घेतलेला स्टोव्ह मी विमानप्रवासात बहुतेक वेळा फक्त गॅसवर चालवतो! उन्हाळ्यात विमानाने जाऊन तंबूत राहणं एवढंच तुमचं काम असेल, तर डब्याच्या डोक्यावर फिरवून बसवायचा शंभरेक ग्रॅमचा छोटा स्टोव्ह घ्या आणि बाकीच्या पैशांत चांगली मॅट घ्या.

लेहमध्ये हंगामात गॅस मिळतो. बाजारात आणि चांगस्पा भागात ट्रेकिंगचं सामान विकणारी, भाड्याने देणारी दुकानं आहेत. तसंही ३,५०० मीटरवर थेट विमानाने उतरल्यावर पहिला दिवस अंथरुणातच काढायला हवा, तेव्हा खरेदी दुसऱ्या दिवशी, हळूहळू चालत. डबा घेताना वरचा व्हॉल्व्ह नीट पाहा. आपल्याला हवा तो आट्यांचा, ईएन ४१७ मानकातला. याच दुकानांत उंच, बारीक, बॉडी स्प्रेसारखा दिसणारा डबाही असतो. तो टेबलावरच्या चपट्या शेगडीचा, त्याला आटे नसतात. स्वस्त असतो आणि अडॅप्टर लावून चालतोही, पण आत बहुधा नुसता ब्युटेन असतो, आणि थंडीत तोच नडतो.

साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. हे आकडे समुद्रसपाटीचे. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे तिथे ते आणखी खाली जातात आणि आपल्याला थोडी सवलत मिळते. मात्र जळताना डबा स्वतःच गार पडत जातो, आणि मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो. म्हणून पहिल्या रात्री भरभरून जळणारा डबा शेवटी तळाशी इंधन असूनही कुरकुरतो. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत घ्यायचा आणि सकाळी थाळीत दोन बोटं कोमट पाणी घेऊन त्यात उभा करायचा. माझ्या स्टोव्हची नळी ज्योतीजवळून जाऊन तापत असल्यामुळे डबा उलटा ठेवता येतो. मग वाफेऐवजी द्रव गॅस वर चढतो आणि प्रोपेन संपण्याची भानगड राहत नाही. डोक्यावर बसणाऱ्या स्टोव्हने हे कधीही करू नका. त्याच्याभोवती वाऱ्याचा पत्रा पूर्ण गुंडाळणंही नको, डबा तापतो.

दोघांसाठी सकाळी चहा-पोहे आणि रात्री मऊ खिचडी एवढ्यावर २३० ग्रॅमचा डबा साधारण तीन दिवस पुरतो. खिचडी म्हणजे उदारपणा आहे. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस मात्र जात राहतो. पिठलं परवडतं.

काठमांडूत थामेलमध्ये डबे भरपूर मिळतात, पण पुन्हा भरलेलेही मिळतात. बाहेरून कंपनी नामांकित, आत काय आणि किती हे देवाला ठाऊक. रंग खरवडलेला, काठावर गंज, व्हॉल्व्हवर झीज दिसली तर बाजूला ठेवा. मी सामान तोलायचा छोटा काटा खिशात नेतो. २३० ग्रॅमचा रिकामा डबा दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे भरलेला पावणेचारशे-चारशेच्या दरम्यान हवा. दुकानदाराला राग येत नाही, तो मुकाट्याने दुसरा डबा काढतो.

मग पंप कशाला? थंडीसाठी. जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कारच्या गोठलेल्या नदीवर रात्री पारा उणे २० च्या खाली जातो. तिथे गॅस मान टाकतो आणि वाटाड्यांच्या स्वयंपाकाच्या तंबूत रॉकेलचे स्टोव्हच फुरफुरत असतात. पंप नेऊन परवानगीची कटकट सोसायची तर अशाच ठिकाणासाठी. रॉकेल मिळवणं हा वेगळा उद्योग आहे. दिल्लीने २०१४ मध्येच स्वतःला रॉकेलमुक्त जाहीर केलं आणि आपल्याकडेही रेशनवरचं निळं रॉकेल दिसेनासं झालंय. लडाखात बुखारीसाठी, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीसाठी, ते अजून लागतं, तेव्हा दुकानं पालथी घालण्यापेक्षा उतरलात त्या घरच्या मालकाला विचारलेलं बरं. नरसाळ्याला फडकं लावून गाळून घ्या, नाहीतर दर रात्री पिन मारत बसाल. पेट्रोल सोपं वाटतं, पण सुट्टं द्यायला बरेच पंपवाले नाही म्हणतात आणि प्लास्टिकची बाटली नेली तर नक्कीच.

रॉकेलचा स्टोव्ह आधी तापवावा लागतो. घरी काकडा स्पिरिटमध्ये बुडवून लावायचो, ते स्पिरिट विमानात चालत नाही. त्याजागी मी हात धुवायचं जेल सॅनिटायझर वापरतो. १०० मिलिलिटरची बाटली हातातल्या सामानात चालते, जेल वाटीत पसरत नाही आणि रॉकेलसारखी काजळी धरत नाही. एकच काळजी घ्यायची: भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझलं समजून पुन्हा जेल ओतलं तर हात भाजेल. लायटरची पिझोची ठिणगीही उंचीवर दगा देते, म्हणून काडेपेटीच घ्या, दोन घ्या आणि वेगवेगळ्या खिशांत ठेवा.

तक्रारी दोन. आवाज इतका की शेजारच्या तंबूतल्यांना आपला चहा कधी उकळला ते कळतं. आणि मंद आच जवळपास नाहीच. पाण्याला उत्तम, पण पिठलं हलवायचं थांबलात की तळाला लागलंच. पंपाचं चामडी वायसर मात्र वर्षभर टिकलं, अधूनमधून दोन थेंब तेल दिलं एवढंच.

परदेशात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. आइसलँडमध्ये पेट्रोल पंपांवर आट्यांचे डबे मिळतात, आणि रेक्याविकच्या कॅम्पसाइटवर परत जाणारे लोक अर्धे डबे पुढच्यासाठी ठेवून जातात, तेव्हा खरेदीआधी तिथे डोकवावं. फ्रान्समध्ये गावातल्या दुकानात बहुधा खटक्याचा व्हॉल्व्ह असलेले डबे दिसतात. आट्यांचा स्टोव्ह त्यांच्यावर अडॅप्टरशिवाय बसत नाही.

‘एवढं कशाला, रेल्वेने जाऊ आणि सिलिंडर घेऊन जाऊ’ असं म्हणणारेही भेटतात. रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तू नेणं गुन्हा आहे, १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला पर्यटकांच्या उभ्या असलेल्या रेल्वेडब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरमुळेच आग लागली आणि माणसं गेली. कुरिअरने पुढे पाठवण्याचा विचारही सोडा, पार्सल विमानात चढलं तर तोच प्रकार.

परतीचं गणित निघतानाच मांडून ठेवावं लागतं. लेहची बहुतेक विमानं सकाळची. बाटली निथळायला एक तास आणि उघडी ठेवायला सहा, म्हणजे पंपाचा स्टोव्ह आदल्या दुपारीच बंद करावा लागतो आणि संध्याकाळचं जेवण बाजारात. उरलेलं रॉकेल ज्याच्याकडून घेतलं त्यालाच परत देतो, जमिनीत ओतत नाही. बाटली गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने दोनदा धुऊन गच्चीवर तोंड उघडं ठेवून वाळवतो, पंप वेगळा, नळी वेगळी. खोलीत ठेवू नका, रात्रभर डोकं धरतं आणि सकाळी बाटलीपेक्षा तुमच्या कपड्यांनाच जास्त वास येतो. गॅसचे अर्धे डबे गेस्ट हाउसमध्ये नव्याने आलेल्यांना देऊन टाकतो, घेणारा लगेच मिळतो.