अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधून देणारं अ‍ॅप: सहा महिने वापरून झालं, आता बोलते

अ‍ॅपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तसंही या जातीची सगळी अ‍ॅप्स नि साइट्स थोड्याफार फरकाने अशीच चालतात. तुम्ही इंग्रजी अक्षरं टाकायची, ते शब्द काढून देतं, बस.

डाउनलोड केलं ते भाच्यामुळे. स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल पटावर लावून इंग्रजी शब्द बनवायचे, प्रत्येक अक्षराला गुण) खेळताना त्याने झेड आणि ओ अशी दोनच अक्षरं लावली आणि थंडपणे म्हणाला, "मावशी, अकरा लिही." मी म्हटलं हा कसला शब्द, तर म्हणे झो, याक आणि गाय यांच्या संकरातून होणारं जनावर. मी वीस मिनिटं भांडले. मग अ‍ॅप टाकून बघितलं तर शब्द हजर! दोन दिवसांनी तोच झो मी मोठ्या ऐटीत दुसऱ्या एका ऑनलाइन गेममध्ये लावला आणि गेमने तो सरळ परत केला. तेव्हा कळलं की स्क्रॅबलचे शब्द सगळीकडे एक नसतात. उत्तर अमेरिकेत वेगळी यादी चालते, तिच्यात 1 लाख 90 हजारांच्या वर शब्द आहेत, आणि बाकी बहुतेक ठिकाणी कॉलिन्स या शब्दकोशवाल्यांची चालते, तिच्यात साधारण 2 लाख 80 हजार. झो फक्त कॉलिन्समध्ये. अ‍ॅपमध्ये यादी बदलायची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये खोल कुठेतरी पुरून ठेवलीये, पहिल्याच स्क्रीनवर विचारायला काय जातं यांचं?

आता मुख्य गोष्ट. शोधायचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे अर्थ एकदम वेगळे, पण बटणांवरची नावं इतकी सारखी की पहिला महिनाभर मी चुकीचंच बटण दाबत होते. समजा एम आणि टी ही दोन अक्षरं घेतली. ती शब्दात कुठेही असली तरी चालतील म्हटलं तर मॅट, टाइम, मेटल असे हजारो शब्द अंगावर येतात, त्यांचा उपयोग शून्य. ती सलग, एकाला एक चिकटून हवीत म्हटलं की यादी एकदम आटते, वॉर्म्थ, गमट्री, टॉमटिट असलं काहीतरी उरतं. आणि शेवटीच हवीत म्हटलं तर ड्रेम्ट आणि त्याचीच अनड्रेम्टसारखी दोनचार भावंडं. चौथा प्रकार स्क्रॅबलवाल्यांचा, माझ्याकडे हीच सात अक्षरं आहेत, यांच्यातूनच शब्द बनव, बाहेरचं एक अक्षर नको. लोक पहिला नि चौथा यात गल्लत करतात आणि अ‍ॅपला एक स्टार देऊन मोकळे होतात. अरे, प्रश्न चुकला तुमचा!

(हो, वर तीन म्हटलं आणि चार सांगितले. सलग आणि शेवटी हे दोन्ही अ‍ॅपमध्ये एकाच बटणाखाली आहेत, माझी मोजणी त्यांच्या हिशोबाने.)

स्पीड मात्र मानला. मला वाटायचं ते सगळी अक्षरं उलटीपालटी करून बघत असणार, सात वेगवेगळ्या अक्षरांचे 5040 क्रम होतात. पण तसं करायची गरजच नसते. प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवायची. लिसन शब्दाची अक्षरं लावली की ई, आय, एल, एन, एस, टी. सायलेंटची लावा, तेच. एनलिस्ट, टिन्सेल, इनलेट्स, सगळ्यांची तीच रांग. म्हणजे एक रांग शोधली की पाची शब्द एकदम हातात. भाच्याने हे समजावून सांगितलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसले, इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. कोऱ्या टाइलसाठी प्रश्नचिन्ह टाकायचं, म्हणजे कुठलंही एक अक्षर. दोन प्रश्नचिन्हं टाकली की अ‍ॅप जरा धापा टाकतं आणि यादी इतकी लांब येते की स्क्रोल करून अंगठा दुखतो.

मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे एखादं अक्षर वगळायची सोय. क्यू हवा पण यू नको असं टाकून बघा. ज्यांनी क्यू हातात अडकवून डाव घालवलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. क्यूआय हा दोन अक्षरी शब्द (उच्चार ची, चिनी विचारातली प्राणशक्ती) सरळ 11 गुण देतो. मग निकाब, फकीर! हो, आपलाच फकीर, क्यूने लिहिलेला, 17 गुणांचा. कनात पण आहे, पण ती तंबूची नव्हे, जमिनीखालून पाणी आणायचा बोगदा.

कुठे फसतं ते पण सांगते. स्पेलिंग बी नावाच्या ऑनलाइन शब्दखेळासाठी (शाळेतली स्पेलिंगची स्पर्धा नव्हे) वापरू नका. त्या खेळात सात अक्षरं मिळतात, पण एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं आणि मधलं अक्षर प्रत्येक शब्दात यायलाच पाहिजे. हे अ‍ॅप मात्र प्रत्येक अक्षर एकदाच धरतं, त्यामुळे अर्धे शब्द दाखवतच नाही, आणि जे दाखवतं त्यातले विचित्र शब्द तो खेळ घेत नाही, कारण तिथली यादी माणसाने निवडलेली असते. वर्डलला (लपवलेला शब्द मोजक्या प्रयत्नांत ओळखायचा खेळ) बरं आहे, जागा पक्की झालेली अक्षरं, जागा न कळलेली अक्षरं आणि बाद अक्षरं असे तीन रकाने आहेत. पण तिसऱ्या प्रयत्नानंतर उघडलं तर खेळात काही राम राहत नाही, हे माझं मत.

अर्थ दाखवत नाही ही मोठी कमी. शब्द आला, गुण आले, पण म्हणजे काय ते कळायला दुसरीकडे जा. जाहिराती तर विचारू नका, यादी आली रे आली की फुल स्क्रीन, आणि बंद करायची फुली मुंगीएवढी.

मराठीसाठी असं काही का नाही हा विचार येऊन गेला. पण आपल्या शब्दकोड्यात एका चौकटीत अख्खं जोडाक्षर काना-मात्रेसकट बसतं, मग "की" मधला क वेगळा मोजायचा का सगळं मिळून एक, हेच आधी ठरवावं लागेल.

पाचपैकी साडेतीन. डाव चालू असताना उघडायचं नाही असं मी नि भाच्याने ठरवलंय, संपल्यावर दोघांची उरलेली अक्षरं टाकून काय काय सुटलं ते बघतो. परवा माझ्या हातातून सात अक्षरी शब्द गेला होता. सगळ्या सात टाइल एकदम लावल्या की 50 जास्तीचे मिळतात, आणि मी हरले होते बावीसने.