डीपप्रॉबलॉग: ओळखायचं नेटवर्कने, ताडायचं नियमांनी

चित्रातला अंक ओळखणं हे न्यूरल नेटवर्कचं काम. बेरीज त्याला शिकवत बसायचं कारण नाही. बेल्जियममधल्या केयू लूव्हेन विद्यापीठात संशोधक ल्युक दे राट यांच्या गटातून २०१८ मध्ये आलेलं डीपप्रॉबलॉग हे सॉफ्टवेअर हीच वाटणी करतं. नेटवर्कची उत्तरं संभाव्यता म्हणून प्रोलॉग या तर्काधारित प्रोग्रामिंग भाषेसारख्या नियमांत शिरतात आणि अंतिम उत्तरातली चूक नियमांतूनच मागे नेटवर्कपर्यंत पोचते.

एमनिस्ट या हस्तलिखित अंकांच्या प्रतिमासंचावरचं बेरजेचं उदाहरण आधी चालवाच. हस्तलिखित अंकांच्या दोन प्रतिमा आणि त्यांची बेरीज, एवढंच द्यायचं. कोणती प्रतिमा कोणत्या अंकाची, हे सांगायचं नाही. शिकवण्यासाठीच्या ६०,००० प्रतिमांच्या ३०,००० जोड्या होतात. बेरीज ० असेल तर दोन्ही शून्यंच, १८ असेल तर दोन्ही नऊच. या टोकाच्या जोड्यांवर नेटवर्कचा पाय पहिल्यांदा रोवला जातो. ९ बेरजेला मात्र १० वाटा. तरीही एकेक अंक सुटा होत जातो, हे फार देखणं आहे.

बसवायला त्रास नाही: पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने पॅकेज, सोबत नेटवर्कसाठी पायटॉर्च आणि नियमांची सर्किटं बांधायला पायएसडीडी. नियमांच्या फाइलमधलं नेटवर्कचं नाव आणि पायथनमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. नेटवर्कच्या शेवटी सॉफ्टमॅक्स, म्हणजे आकड्यांच्या संभाव्यता करणारा थर, हवाच. पायटॉर्चमध्ये क्रॉस-एन्ट्रॉपी या चूक मोजायच्या सूत्रासाठी तो गाळायची सवय असते. इथे गाळला तर कच्चे आकडेच संभाव्यता म्हणून वाचले जातात आणि सगळं गणित फिसकटतं.

वेग ही खरी अडचण. नेमकं अनुमान काढायचं तर प्रत्येक सिद्धता, म्हणजे उत्तर येण्याची प्रत्येक वाट, शोधून त्या सगळ्यांचं सर्किट, म्हणजे संभाव्यता मोजायचा आराखडा, बांधावं लागतं. दोन अंकी संख्यांत (०० पासून धरून) ९९ ही बेरीज १०० प्रकारे येते, तीन अंकी संख्यांत ९९९ ही १,००० प्रकारे. जास्त ताकदीचं ग्राफिक्स कार्ड घेऊन ही वाढ आटोक्यात येत नाही. कॅशे (बांधलेली सर्किटं साठवून ठेवायची सोय) चालू ठेवा आणि प्रश्नात प्रतिमांच्या जागी चलं ठेवा, म्हणजे एकअंकी बेरजेची १९ सर्किटंच पुनःपुन्हा वापरता येतात.

त्याहून घातक चूक मात्र पडद्यावर दिसतच नाही. समजा प्रतिमा ० आणि १ च्याच आहेत आणि नियम एक्स-ऑरचा आहे, म्हणजे दोन अंक वेगळे असतील तर उत्तर १, सारखे असतील तर ०. नेटवर्कने सगळ्या शून्यांना एक आणि एकांना शून्य म्हटलं तरी उत्तर दर वेळी बरोबर येतं! नियम पाळले जातात, अर्थ मात्र उलटा. नियमात अशी सममिती असेल, तर नुसती उत्तरं कितीही वाढवली तरी ही अदलाबदल पकडली जात नाही. प्रत्येक वर्गाच्या थोड्या प्रतिमांना थेट लेबल द्या, आणि तपासताना अंतिम उत्तराच्या अचूकतेवर न थांबता कोणता अंक कशात मिसळतोय याचा तक्ता वेगळा काढा.

नियम मोजके आणि पक्के ठाऊक असतील तर हे साधन जरूर घ्या. नियमच अंदाजाने लिहायचे असतील तर घेऊ नका. चुकीचा नियमही नेटवर्क तितक्याच निष्ठेने शिकतं.