कम्युनिटी कॉलेजातला संध्याकाळचा मशिनिंग कोर्स: नक्की घ्या, पण सीएनसीच्या (संगणकाने चालणाऱ्या मशिनच्या) आशेने नको

सॅन होजेच्या आसपास राहणाऱ्या, हाताने काही घडवायची ओढ असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो. इथे नोकरी मात्र स्क्रीनवर पार्ट काढायची. म्हणून जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मशिनिंगचा, म्हणजे मशिनवर धातू कापून पार्ट घडवण्याचा, पहिला कोर्स घेतला.

आधी पैशाचं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलरला. वर किरकोळ फी, सेफ्टी चष्मा आणि सहा इंची कॅलिपर. एवढ्यात ब्रिजपोर्ट मिलिंग मशिनवर (फिरत्या कटरने धातू कापणारं, हाताने चालवायचं मशिन) जाणत्या माणसाच्या नजरेखाली काम करायला मिळतं.

खरा कस लागतो तो १-२-३ ब्लॉक करताना. एक बाय दोन बाय तीन इंचांचा साधा स्टीलचा ठोकळा, पण सगळ्या बाजू एकमेकींना काटकोनात हव्यात. पहिली बाजू साफ केली की ती व्हाइसच्या (ठोकळा घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याच्या) स्थिर जबड्याला टेकवायची आणि सरकत्या जबड्याकडे मध्ये एक गोल सळई घालायची. सळई नसेल तर समोरची ओबडधोबड बाजू जॉब (म्हणजे कापायचा तुकडा) वाकडा दाबते आणि स्थिर जबड्याशी फट राहते. सरांनी हे फळ्यावर न सांगता आधी सळईशिवाय कट घ्यायला लावला, मग गुण्या लावून उजेडाकडे धरायला सांगितलं. फट दिसली. मग सळई घालून तोच कट पुन्हा. हे शिकवणं मला फार आवडलं. जॉब मऊ हातोडीने ठोकल्यावर खालचे पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) बोटाने हलतात का, हे बघायची सवयही तिथेच लागली.

मोजमापावर सर अजिबात सूट देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शंभर मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब दहा अंशांनी तापला तर सुमारे २३ मायक्रॉन वाढतो, म्हणजे जवळपास एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग). गरम जॉबवर मायक्रोमीटर लावलात तर सर तो बाजूला ठेवायला लावतात, निवला की मगच मोजायचा.

उणिवाही आहेत. मिलिंग मशिनं कमी आणि विद्यार्थी जास्त, त्यामुळे रांगेत वेळ जातो. सराव-लॅबच्या वेळा नोकरदारांना गैरसोयीच्या. सगळं इंचात, त्यामुळे मिलिमीटरवर वाढलेल्यांना पहिले काही आठवडे जड जातात. सीएनसी तर फक्त तोंडओळखीपुरतं, खरं प्रोग्रामिंग पुढच्या कोर्समध्ये. त्यासाठीच येत असाल तर आधी कोर्सची माहिती नीट वाचा.

डिझाइनमध्ये काम करणाऱ्यांनी हा कोर्स करावाच. ड्रॉइंगवर अर्ध्या थाऊचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिताना मशिनवाल्याला काय करावं लागतं, ते इथे अंगावर येतं.

जागा लवकर भरतात. वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या दिवशी बंद बूट घालून वर्गात हजर राहा, कारण काही जण पहिल्याच आठवड्यात गळतात आणि सर तिथेच आत घेतात.