इन्सिडंट रिपोर्टिंगचा क्यूआर फॉर्म: पोस्टिंगवरच्या विद्यार्थ्यांसाठी पाचपैकी दोन

नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाइलवर इन्सिडंट रिपोर्टिंगचा, म्हणजे वॉर्डातली चूक किंवा धोका कळवण्याचा, फॉर्म उघडतो. छापील फॉर्म शोधा, सह्या घ्या, कपाटाची किल्ली मागा, या सगळ्यापेक्षा हे केव्हाही बरं. स्टाफसाठी आम्ही त्याला पाचपैकी चार देऊ. वॉर्डात पोस्टिंगवर आलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र दोनच.

घटनेच्या प्रकारांची यादी चांगली आहे: धोक्याची स्थिती, निअर मिस (चूक झाली, पण रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली), रुग्णापर्यंत पोहोचली पण इजा नाही, इजा झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या वर्गीकरणाशी ही विभागणी जुळते. त्यामुळे 'काही झालंच नाही, मग कशाला लिहायचं' हा प्रश्न पहिल्याच पानावर निकालात निघतो.

घोळ सुरू होतो तो 'काय घडलं' या चौकटीत. समजा इन्सुलिनच्या वायलवर (छोट्या बाटलीवर) 'मिलिलिटरला 100 युनिट' लिहिलंय आणि हातात मिलिलिटरला 40 युनिटच्या खुणांची इन्सुलिन सिरिंज आली. 10 च्या खुणेपर्यंत भरलं की सिरिंजमध्ये प्रत्यक्षात 25 युनिट येतात. टोचण्याआधी लक्षात आलं तर हा निअर मिस. चौकट इतकी लहान की विद्यार्थी 'चुकून जास्त इन्सुलिन भरलं' एवढंच लिहून मोकळे होतात, आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. वायलची तीव्रता, सिरिंजचा प्रकार, दोन्ही प्रकारच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये होत्या का, डबल चेक कुठल्या पायरीला झाला, हे आलं तरच ट्रेमधल्या चुकीच्या सिरिंज हलवल्या जातील. फॉर्मने हे प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत.

'तुमचं पद' या यादीत स्टाफ नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट, इतर. विद्यार्थी नाहीच! 'इतर' निवडलं की कितवं वर्ष, देखरेखीची नर्स जवळ होती का, या प्रोसिजरचा सराव आधी कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये झाला होता का, हे सगळं वाहून जातं. आणि घटना का घडली याचं अर्धं उत्तर त्यातच असतं. लॉगिनला कर्मचारी क्रमांक लागतो, म्हणून विद्यार्थी सिस्टरच्या लॉगिनवरून फॉर्म भरतात. रिपोर्ट तिच्या नावावर जातो, पुढची विचारणाही तिलाच होते. वर प्रत आपोआप क्लिनिकल इन्स्ट्रक्टरकडे, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या शिक्षकांकडे. गुण देणाऱ्याच्या टेबलावर आपली चूक कोण पाठवेल? निनावी पर्याय आहे, पण शिफ्टला एकच विद्यार्थी असेल तर तो नावापुरताच.

रुग्णाला वापरलेली सुई आपल्यालाच टोचली तर हा फॉर्म थेट आड येतो. त्या वेळी आधी साबण आणि वाहत्या पाण्याने जागा धुवायची, पिळायची नाही, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, शक्यतो 2 तासांत, आणि 72 तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. फॉर्मवर मात्र तातडीचा फोन नंबर शेवटच्या पानावर. तो सगळ्यात वर हवा.

तरीही वापरायचाच असेल तर क्रम असा ठेवा. आधी रुग्ण: नाडी, रक्तदाब, श्वसन, ऑक्सिजन, इन्सुलिनचा मामला असेल तर रक्तशर्करा. मग इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टर. केस पेपरवर वेळेसह जे दिसलं आणि जे केलं तेवढंच. कुणामुळे झालं याची चर्चा तिथे नको. वायल, सिरिंज, आयव्ही सेट फेकू नका, नाव लावून बाजूला ठेवा. फॉर्म त्याच शिफ्टमध्ये भरा, उद्यावर टाकला की वेळा सरमिसळ होतात.

पाठवल्यावर स्क्रीनवर एक क्रमांक येतो, तो लिहून ठेवा. उत्तर वॉर्डच्या ईमेलवर जातं आणि तोवर विद्यार्थी दुसऱ्या पोस्टिंगला गेलेले असतात. त्या क्रमांकावरून गुणवत्ता विभागात विचारता येतं.