न्यू सेलम: कप्तान ते आमदार
अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात पीटर्सबर्गजवळ, सँगमन नदीकाठच्या टेकाडावर उभे असलेले न्यू सेलम हे स्मारकग्राम पाहताना पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन बाजूला ठेवून, तरुणपणी इथे राहिलेला पंचविशीतला आमदार लिंकन शोधावा. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात (ब्लॅक हॉक या मूळनिवासी नेत्याविरुद्धच्या लढ्यात) सोबतच्या स्वयंसेवकांनी त्याला कप्तान निवडले, आणि तुकडी विसर्जित झाल्यावर तो साधा शिपाई म्हणून पुन्हा भरती झाला; लढाई मात्र त्याच्या वाट्याला आली नाही. त्याच वर्षीची राज्य विधिमंडळाची निवडणूक तो हरला, तरी गावातल्या सुमारे ३०० पैकी २७७ मते त्याची होती. पुढे त्याचे गावातले दुकान बुडाले, तेव्हा टपाल वाटत आणि जमिनी मोजत त्याने पंचक्रोशी पालथी घातली (याहून चांगला प्रचार कोणता?) आणि १८३४ मध्ये तो निवडून आला. येथील लाकडी घरे बहुतेक विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली आहेत. पिंपे घडवणाऱ्या ऑनस्टटची कार्यशाळा तेवढी मूळची असल्याने तिथे रेंगाळावे. आमदारकीचा काळ समजून घेण्यासाठी मात्र इलिनॉयची तेव्हाची राजधानी व्हँडेलिया इथले १८३६ मधील विधिमंडळभवन वेगळे पाहावे लागते, कारण राजधानी स्प्रिंगफील्डला नेण्याचा निर्णय तिथेच झाला.