ब्लॅक सॅबथचा 'लाइव्ह ॲट लास्ट' : बँडला नकोसा, आपल्याला हवासा

ब्लॅक सॅबथ हा ब्रिटिश हेवी मेटल बँड कुठून ऐकायला सुरू करू असं कोणी विचारलं की आपल्याकडे सगळे डोळे झाकून 'पॅरानॉइड' अल्बम सांगतात, बरोबरच आहे म्हणा, पण ज्यांचं ते ऐकून झालंय आणि हे चौघं स्टेजवर नक्की काय धिंगाणा घालायचे ते कळून घ्यायचंय त्यांनी 'लाइव्ह ॲट लास्ट' हा लाइव्ह अल्बम घ्या. रेकॉर्डिंगला दहापैकी सहा, फार तर साडेसहा. वाजवण्याला पैकीच्या पैकी.

आधी भानगड ऐका. रेकॉर्डिंग मार्च १९७३ चं आहे, मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल आणि लंडनचं रेनबो थिएटर, म्हणजे त्यांचा 'व्हॉल्यूम ४' अल्बम येऊन सहा महिने झालेले. तेव्हाच लाइव्ह अल्बम काढायचं चाललं होतं पण बँडला काही ते पसंत पडलं नाही आणि टेपा कपाटात गेल्या. मग उजाडलं १९८०. गायक ऑझी ऑस्बॉर्नला आदल्याच वर्षी नारळ दिलेला, त्याच्या जागी गायला रॉनी जेम्स डिओ, त्याच्याबरोबरचा 'हेवन अँड हेल' अल्बम नुकताच आलेला, लोक म्हणतायत वा काय कमबॅक आहे, आणि नेमकं तेव्हाच नेम्स नावाच्या रेकॉर्ड कंपनीने बँडला न विचारता त्या सात वर्षं जुन्या टेपा झटकून ऑझीच्या आवाजातला हा अल्बम बाजारात आणून ठेवला. बरं तोही पडला नाही, ब्रिटनच्या चार्टवर पाचव्या नंबरपर्यंत गेला, 'हेवन अँड हेल' स्वतः नवव्यावर अडकलेला! बँडचं डोकं किती फिरलं असेल बघा.

तर साउंड. कोरडा आहे, पब्लिकचा आवाज मधेच येतो मधेच गायब, ऑझी काही ठिकाणी सरळ सरळ सूर सोडून ओरडतो, आणि हे नंतर स्टुडिओत बसून कोणी दुरुस्त केलेलं नाही. आमच्या ग्रुपमधे एकाला हे अजिबात चालत नाही, तो म्हणतो बूटलेग, म्हणजे चोरून केलेलं रेकॉर्डिंग, वाटतं. आता यावर माझं म्हणणं असंय की आपण पुण्यात राहतो, इथे घराघरात कोणीतरी सवाईला जाणारं असतं, खासगी बैठकांच्या कॅसेटी कोणाकोणाकडून कॉपी करून घेतलेल्या असतात, त्यात तंबोऱ्यापेक्षा पंख्याचा आवाज मोठा असतो, तरी लोक ती बैठक कंपनीच्या रेकॉर्डपेक्षा वरची मानतात कारण गवय्या त्या दिवशी लागलेला असतो. मग मेटलला वेगळा नियम का? इथे गिटारवाला टोनी आयोमी लागलाय. बास.

आणि ऐकायची खरी गोष्ट म्हणजे एकच गिटार. स्टुडिओत 'वॉर पिग्ज'च्या सोलोला दोन दोन गिटारी एकमेकीवर चढवल्यात, स्टेजवर आयोमी एकटा, त्याने सोलो सुरू केला की खालची रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची मुख्य ओळ, वाजवायला कोणी उरतच नाही. ती जागा गीझर बटलर बेसने भरतो, नुसते मूळ सूर धरून नाही बसत, तार ओढून, मधले सूर घेत एवढं काही वाजवतो की गिटार थांबली होती हे तुमच्या नंतर लक्षात येतं. माझे काका, पक्के शास्त्रीयवाले, सवाईला दरवर्षी सतरंजी घेऊन जाणारे, त्यांना मी मुद्दाम ऐकवलं. दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरे, हा मागचा साथ करत नाहीये, हा बरोबरीनं गातोय. तो पुढचा मुलगा मात्र बेसूर आहे." म्हटलं काका, तो ऑझी आहे, त्याला माफ असतं.

आयोमीच्या उजव्या हाताची दोन बोटं पत्र्याच्या कारखान्यात टोकाला कापली गेली होती हे बहुतेकांना माहीत असतं, तो डावखुरा म्हणजे तारा दाबायचा हात तोच, मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बमपासून गिटार दीड स्वर खाली उतरवली. वाचायला हे सगळं दंतकथा वाटतं पण 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' इथे लावा, तारा सैल आहेत हे चक्क ऐकू येतं, आणि त्या सैल तारांवर तो ज्या स्पीडने घोडा फेकतो तो स्टुडिओपेक्षा जास्त आहे. ड्रमर बिल वॉर्डबद्दल लोक कमीच बोलतात, त्याचं जॅझचं वेड इथे कळतं, एकसारखं धाडधाड नाही, सारखं डोलत राहतं.

'किलिंग युवरसेल्फ टू लिव्ह' तर तेव्हा रिलीजच झालं नव्हतं, ते ज्यावर आहे तो 'सॅबथ ब्लडी सॅबथ' अल्बम आला डिसेंबर १९७३ मधे, त्यामुळे इथे शब्द वेगळे आहेत, गाणं अजून घडतंय. मला हेच व्हर्जन जास्त आवडतं, भांडा.

'विकेड वर्ल्ड' जवळपास १९ मिनिटांचं आहे. त्यात गिटार सोलो, 'इन्टू द व्हॉइड'चा तुकडा, 'सुपरनॉट', ड्रम सोलो सगळं कोंबलंय आणि मधे पाच मिनिटं तरी कंटाळा येतो, खोटं कशाला बोला. पण परत मूळ रिफवर येतात ना तेव्हा वसूल. 'टुमॉरोज ड्रीम' ठीक. 'स्नोब्लाइंड' झकास. 'आयर्न मॅन' नाही, 'एन.आय.बी.' नाही, खुद्द 'ब्लॅक सॅबथ' हे गाणंही नाही, तेव्हा टीशर्टवरून बँड ओळखणाऱ्यांची जरा निराशा होणार.

आता घ्यायचं काय. नुसत्या 'लाइव्ह ॲट लास्ट'च्या मागे लागू नका, २००२ साली बँडने स्वतःच हे सगळं 'पास्ट लाइव्ज' नावाच्या डबल सीडीत घेतलंय, पहिल्या सीडीत हेच नऊ ट्रॅक आणि दुसरीत १९७० आणि १९७५ चं लाइव्ह, राहिलेली 'आयर्न मॅन' वगैरे त्यात येतात, 'हँड ऑफ डूम' तर बेक्कार भारी आहे. 'रियुनियन' पण आहे, १९९७ च्या बर्मिंगहॅमच्या शोचा, त्यातल्या 'आयर्न मॅन'ला ग्रॅमी मिळालं, साउंड चकाचक, पण तिथे पन्नाशीला टेकलेली माणसं जपून वाजवतायत. इथे पंचविशीतली पोरं आहेत आणि त्यांना कशाचीच पडलेली नाही.

एलपीच हवी असेल तर रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जा, मिळेलच असं नाही, मिळाली तर आधी उन्हात तिरकी धरून चरे बघा, आणि विकणाऱ्यासमोर ऑझीचं नाव काढू नका, ऑझी वारल्यापासून त्या नावावर भाव दुप्पट सांगतात.