बातम्यांच्या ॲपची वार्षिक वर्गणी : पाचपैकी दोन गुण

एका मोठ्या बातम्यांच्या ॲपची वर्गणी मी बडोद्यात वर्षभर भरत होतो. बाजारभाव, हवामान आणि क्रिकेट यांबाबत सेवा चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु 12 जून 2025 रोजी आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादेत, एअर इंडियाचे 171 क्रमांकाचे विमान कोसळून 260 माणसे गेली, आणि त्यानंतर या ॲपने जे केले ते मला अजून सलते.

12 जुलैला विमान अपघात अन्वेषण ब्यूरोचा 15 पानी प्राथमिक अहवाल आला. सकाळचा चहा होण्याआधीच मोबाईलवर सूचना झळकली, ‘इंधन वैमानिकानेच तोडले?’ प्रश्नचिन्ह होते, पण खाली मूळ अहवालाचा दुवा नव्हता. मी दांडिया बाजारातून त्याची छापील प्रत काढून आणली. शेजारची मुलगी वैमानिकाच्या परवान्याच्या परीक्षेची तयारी करते. तिने पेन्सिलीने ‘ट्रान्झिशन्ड’ या एकाच शब्दाखाली रेघ मारली. दोन्ही इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून (इंधन चालू) ‘कटऑफ’वर (इंधन बंद) गेले, एवढेच तो शब्द सांगतो, कोणाच्या हाताने, हे सांगत नाही. ‘तू का बंद केलेस’ असे एका वैमानिकाने विचारले आणि ‘मी केले नाही’ असे दुसरा म्हणाला, एवढा आशय अहवालात आहे, मात्र विचारणारा कोण, ते नाही. माझ्या मते ब्यूरोचेही येथे चुकले : संवाद राखून ठेवायचा होता तर पूर्ण ठेवायचा, अर्धवट आशयाने तर्कांना वाट मिळाली.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे 13 वे परिशिष्ट सांगते, की चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष ठरवणे नव्हे. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणाला संरक्षण आहे तेही याचसाठी, कारण आपले अखेरचे शब्द उद्या घरोघरी वाजतील अशी धास्ती बसली, तर वैमानिक आणि अभियंते मोकळेपणाने बोलणार नाहीत आणि खरे कारण हाती लागणार नाही. शिवाय मृत वैमानिक उत्तर देऊ शकत नाही. बोल लावला जातो तो त्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांना.

हे सारे मी ॲपच्या ग्राहक सेवेला सविस्तर कळवले, तेव्हा ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ एवढे साचेबंद उत्तर आले आणि ती सूचना तशीच राहिली. वर्गणीचे नूतनीकरण मी केलेले नाही.